गोष्टीचा तास परत द्या : प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना एका निवृत्त शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय : पहिली ते तिसरीच्या वेळापत्रकातून वगळलेला गोष्टीचा तास पूर्ववत सुरू करण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

2025 च्या जूनमध्ये, शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, आपल्या कार्यालयाचे एक परिपत्रक केंद्रप्रमुखांमार्फत शाळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर आले. पहिली ते तिसरीच्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीनंतर असणारा अर्ध्या तासाचा गोष्टीचा तास बंद करावा, त्या वेळेत ‘वाचनगती सराव’ घ्यावा आणि प्रत्येक मुलाने एका मिनिटात किती शब्द वाचले याची नोंद दर शनिवारी लिंकवर भरावी, असा त्याचा आशय होता. कारण एका ओळीत दिले होते : ‘अध्ययन निष्पत्ती उंचावण्यासाठी’. पहिले सत्र संपेपर्यंत मी वाट पाहिली. दिवाळीनंतरही परिपत्रक कायम आहे, म्हणून हे पत्र.

मी 1992 साली रुजू झाले आणि 2025 च्या मे अखेरीस निवृत्त झाले. तेहतीस वर्षांतील एकोणीस वर्षे घाटाखालच्या एका ठाकरवाडीच्या दोन शिक्षकी शाळेत, पहिली आणि दुसरीच्या एकत्र वर्गात गेली. सेवेत असते तर हे पत्र मी आपल्याला लिहिले असते, पण खुले लिहिले नसते. सेवेचे नियम मला ठाऊक आहेत आणि माझ्या माजी सहकाऱ्यांनाही ते ठाऊक असल्यामुळेच ते गप्प आहेत, पटले आहे म्हणून नव्हे. त्यांच्यापैकी कोणी मला हे लिहायला सांगितलेले नाही, हेही येथेच नोंदवून ठेवते.

गोष्टीचा तास ही माझी जन्मजात आवड होती असे समजू नये. पहिली सहा-सात वर्षे मी अगदी ठरावीक पद्धतीने शिकवले. ‘अ’ ते ‘ज्ञ’, मग बाराखडी, मग काना-मात्रा नसलेले शब्द, मग काना असलेले, आणि मुले वाचती झाली की मग गोष्टीचे पुस्तक, तेही वेळ उरला तर. वेळ कधी उरला नाही. याच पद्धतीतून आलेला तिसरीतला एक मुलगा एकदा तपासणीच्या वेळी पानभर मजकूर न अडखळता वाचून गेला. पाहुण्यांनी कौतुकाने विचारले, “काय वाचलंस रे बाळा?” तो म्हणाला, “धडा.” सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही, कारण त्याने खरे तेच उत्तर दिले होते. त्याने धडा वाचला होता. त्या धड्यात कोण कोठे गेले, कोणाचे काय हरवले, याच्याशी त्याचा काही संबंध येऊ शकतो हे त्याला आम्ही कधी कळूच दिले नव्हते.

त्यानंतर ठाकरवाडीत बदली झाली आणि पहिलीत असा एक मुलगा आला, जो दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नाही. घरी बोलायचा, गुरांशी बोलायचा, माझ्याशी नाही. त्या काळात मी रोज जेवणानंतर म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगत असे, तीच ती, कारण मुले तीच मागत. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असे सांगून ती सुटते, आणि परत येताना भोपळ्यात बसते. ‘चल रे भोपळ्या’ एवढे म्हणून मी थांबायचे आणि वर्ग ‘टुणूक टुणूक’ म्हणून उसळायचा. एका दिवशी मी थांबले ती थांबलेच. वर्गाला बोटाने गप्प केले आणि त्या मुलाकडे पाहत राहिले. बराच वेळ गेला. मग अगदी खालच्या आवाजात आले, “टुणूक.” तो शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. दुसऱ्या दिवशी तो फळ्यापाशी उभा राहून त्याच शब्दाखाली बोट फिरवत होता. ‘ट’ त्याला अजून शिकवलेला नव्हता. आठवड्याभरात तोच ट त्याला ‘वाट’मध्ये सापडला, मग ‘पाटी’त, आणि मग भिंतीवरच्या ‘टाकी’त, तेव्हा त्याने मला पदर धरून ओढत नेऊन दाखवला. आज तो ट्रॅक्टर चालवतो आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका स्वतः वाचतो.

गोष्ट सांगितली की अक्षरे आपोआप येतात, असे मी म्हणत नाही. असे म्हणणारे भेटतात, आणि त्यांनी पहिलीचा वर्ग एक वर्ष घेऊन पाहावा. अक्षर आणि आवाज यांची जोडी नेटाने, रोज, क्रमाने शिकवावीच लागते. पण ती जोडी ज्या भाषेवर बसवायची ती भाषा मुलाजवळ असावी लागते, आणि घरात दिवसभर कानावर पडणारी भाषा बहुतेक ‘ये, बस, जेव, शेळी बांध’ अशी समोरच्या कामापुरती असते. गोष्टीत मात्र समोर नसलेले जग शब्दांनी उभे करावे लागते. ‘तेवढ्यात’, ‘तोपर्यंत’, ‘म्हणून’, ‘जरी’, ‘नाहीतर’ हे शब्द चित्रतक्त्यावर दाखवता येत नाहीत. ते गोष्टीतच भेटतात. गोष्ट परत सांगणारे मूल जूनमध्ये प्रत्येक वाक्य ‘आनि मंग’ने जोडते आणि फेब्रुवारीत म्हणते, “म्हातारी घरी पोचायच्या आत वाघाने तिला गाठलं.” या एका वाक्यात व्याकरणाच्या पुस्तकाची किती पाने आहेत, ते भाषा शिकवणाऱ्याला सांगायला नको.

आता तक्रारी.

पहिली तक्रार परिपत्रकाच्या मुळाशीच आहे. केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले आणि तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत पायाभूत वाचन आणि गणन यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीसाठी किमान 60 शब्द असा गतीचा निकष आहे, हे खरे. परंतु तो अर्थ समजून वाचण्याच्या अटीसह आहे. आपल्या परिपत्रकात आकडा राहिला आणि अट गळाली. लिंकवर ‘शब्दसंख्या’ हा रकाना आहे, ‘काय समजले’ हा रकाना नाही. त्याचा परिणाम मी एका सत्रात पाहिला. माझ्या शेजारची दुसरीतली मुलगी घरी सराव करताना मोबाइलचे घड्याळ लावते आणि वाक्य संपले तरी थांबत नाही. पूर्णविरामाला थांबले तर दोन शब्द कमी भरतात, असे तिनेच मला समजावून सांगितले.

याला जोडूनच सांगायचे तर, पायाभूत स्तरासाठीचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भाषेच्या तासासाठी मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन अशी चार अंगे एकत्र चालवायला सांगितली आहेत. गोष्टीचा तास हा पहिल्या अंगाचा कणा होता. तो काढून आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या अंगाचा वेळ वाढवला आहे, आणि हे ज्या धोरणाच्या नावाने केले त्या धोरणालाच ते धरून नाही. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येते हे पाहणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाची आकडेवारी प्रत्येक आढावा बैठकीत आम्हाला दाखवली जाते. देशातील ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले 2022 मध्ये 16.3 टक्के होती, ती 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. चित्र चिंतेचे आहे, हे मान्य. पण त्या चाचणीत अक्षर, शब्द आणि परिच्छेद यांच्यानंतरच्या सर्वांत वरच्या पायरीचे नाव काय आहे, हे आपल्या कार्यालयात कोणी पाहिले आहे का? तिचे नाव ‘गोष्ट’ आहे. वर्षभर गोष्ट बंद ठेवून शेवटी मुलांना गोष्टच वाचायला द्यायची, यातला विरोध आपल्याही लक्षात येईल.

दुसरी तक्रार कपाटाची. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे आणि त्यातल्या साहित्यात गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख आहे. पुस्तके आली नाहीत असे मी म्हणणार नाही. बरीच आली, काही फार सुंदर आली. पण ती साठा नोंदवहीत चढतात, फाटले किंवा हरवले की लेखापरीक्षणात शेरा येतो, आणि वसुली मुख्याध्यापकाच्या खिशातून होईल ही भीती असते. परिणामी पुस्तके कुलपात नवी राहतात. निवृत्तीच्या दिवशी मी पदभार सोपवताना मोजदाद केली तेव्हा शंभराच्या वर पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटलेली होती. दुसरीकडे, ‘चिऊताई दार उघड’ची आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मुलांकडून काढून घेतलेली शिवणीची पुस्तिका सात वर्षांत चार वेळा नव्याने शिवावी लागली. पहिलीच्या वर्गात न फाटलेले पुस्तक म्हणजे न वाचलेले पुस्तक, एवढे आपल्या लेखा विभागाला कोणी तरी लेखी कळवावे.

तिसरी तक्रार भाषेची आहे, आणि ती माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली आहे. आमच्या वाडीवरची मुले ‘पानी’ म्हणतात. मूल स्वतःची गोष्ट सांगते तेव्हा मी ती त्याच्या शब्दांत उतरवून घेत असे : “बापू पानी आनायला गेला. हिरीत कासव व्हतं.” आपण बोललो तेच कागदावर उतरते हे मुलाला पहिल्यांदा कळते तो क्षण मी अनेक वर्गांत पाहिला आहे, आणि तो ‘पाणी’ असे दुरुस्त करून लिहिले तर हातातून जातो, मूल म्हणते, हे मी नाही बोललो. पुढे गोष्टी ऐकता ऐकता माझ्या तोंडचे ‘पाणी’, ‘आणायला’, ‘विहिरीत’ त्याच्या कानात बसते आणि दुसरी संपेपर्यंत दोन्ही रूपे कोठे वापरायची ते त्याला कळते. त्यासाठी कोणाला छडी दाखवावी लागत नाही. दोन वर्षांपूर्वी भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी या वह्यांतील प्रत्येक ‘पानी’भोवती लाल गोल केला आणि शेरेपुस्तकात ‘अशुद्धलेखनाला प्रोत्साहन’ असे लिहिले. वही जिची होती ती मुलगी शेजारीच उभी होती. त्या गोलांनंतर तिने तीन आठवडे गोष्ट सांगितली नाही.

2025 मध्ये 16 एप्रिलच्या शासन निर्णयावरून पहिलीला तिसरी भाषा असावी की नसावी, यावर राज्यभर रान उठले आणि 29 जूनला शासनाने माघार घेतली. त्या वादात सर्व पक्षांचे पुढारी मराठीबद्दल तळमळीने बोलले. त्याच जून महिन्यात आपल्या जिल्ह्यात पहिलीच्या मुलांचा मराठी ऐकण्याचा आणि बोलण्याचा अर्धा तास एका परिपत्रकाने गेला, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. गोष्टीऐवजी टीव्हीवर चित्रफीत दाखवावी, अशी तोंडी सूचना काही केंद्रांत दिली गेली आहे. कोरोनाच्या काळात ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून मोबाइलवर येणाऱ्या गोष्टींनी फार मोठा आधार दिला, मी स्वतः त्या वस्तीवर दारोदार फिरून वाचून दाखवल्या. पण चित्रफीत मुलाकडे पाहत थांबत नाही. आज वर्गात कोण रडून आले आहे, कोणाची शेळी मेली आहे, म्हणून आज वाघाला जरा लवकर पळवून लावावे, हे तिला ठरवता येत नाही.

पाचवी बाब म्हणजे तक्रार कमी आणि कबुली जास्त. गोष्टीचा तास अनेक शाळांत नावापुरताच उरला होता, हा आपल्या कार्यालयाचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. काही वर्गांत त्या वेळेत ऑनलाइन माहिती भरली जाई. काही ठिकाणी गोष्ट सांगून लगेच ‘यावरून तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न येई आणि मुले ‘खोटे बोलू नये’ हे एकच उत्तर सर्व गोष्टींना देत. मीही कैक वर्षे तो प्रश्न विचारला आहे. आपल्या कथाकथन स्पर्धांनी तर गोष्टीचे भाषण करून टाकले : हातवारे ठरलेले, आवाजाचे चढउतार पाठ, शेवटी तात्पर्य. पण शिक्षकांना अध्यापक पदविकेत किंवा नंतरच्या प्रशिक्षणांत गोष्ट कशी निवडावी, कोठे थांबावे, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना काय बदलावे आणि काय मुळीच बदलू नये, हे कोणी शिकवले? तेहतीस वर्षांत मी अनेक प्रशिक्षणे केली. त्यांत गोष्ट सांगणे या विषयाला मिळालेला वेळ सगळा मिळून एक दुपार भरेल. काम नीट होत नव्हते तर ते नीट करण्याचा मार्ग होता. तो तासच बंद केल्याने आळस करणाऱ्यांचे काही गेले नाही; जे मन लावून करत होते त्यांच्या हातातून तो गेला.

हे सारे महाराष्ट्राला नवीन असते तर गोष्ट वेगळी होती. गुजरातेतील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीला शिक्षणाचे मुख्य साधन मानले आणि ती सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले, आणि अनुताई वाघांनी ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर चालवले, तेही वारली मुलांमध्ये, जेथे पुस्तकी मराठी तितकीच परकी होती जितकी आमच्या वाडीवर. आजही पालघरकडे ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून आश्रमशाळांतील मुलांपुढे गोष्टी नाट्यरूपाने मांडते आहे. आपल्या कार्यालयाला शिकायचे असेल तर दूर जावे लागणार नाही.

वेळ नाही, हे उत्तर मला मिळेल याची कल्पना आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 अध्यापन तास आहेत. रोजच्या अर्ध्या तासाचे वर्षाला 100 तास होतात, म्हणजे एकूण वेळेचा आठवा भाग. भाषेच्या पायासाठी हा जास्त वाटत असेल, तर शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर शिक्षणेतर कामे देऊ नयेत असे सांगणाऱ्या कायद्याच्या कलम 27 मध्ये न बसणारी किती कामे आपल्या कार्यालयाकडून शिक्षकांकडे येतात, त्यांचे तासही एकदा मोजावेत. शनिवारची लिंक त्यातच धरावी.

माझ्या मागण्या अशा आहेत. दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात पहिली ते तिसरीचा रोजचा अर्ध्या तासाचा गोष्टीचा तास लेखी आदेशाने पुन्हा घालावा, आणि त्या तासात कोणतीही माहिती मागवू नये, फोटोही नाही. वाचनगतीची नोंद आठवड्याऐवजी सत्रातून एकदा घ्यावी आणि तिच्याबरोबर, वाचलेले मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले का, एवढा एकच रकाना वाढवावा. वर्गवाचनाच्या पुस्तकांची झीज गृहीत धरून दरवर्षी ठरावीक पुस्तके विनावसुली निर्लेखित करण्याचा, म्हणजे साठा नोंदवहीतून कमी करण्याचा, अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा. मुलांनी सांगितलेल्या आणि त्यांच्या बोलीत उतरवलेल्या गोष्टी अशुद्धलेखन म्हणून तपासू नयेत, अशी सूचना विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुखांना द्यावी. शिक्षण परिषदेच्या मासिक बैठकीतला एक तास गोष्ट सांगून दाखवण्यासाठी ठेवावा. तेथे शिक्षकांनी आणि शक्य असल्यास वाडीवरच्या आज्ज्यांनीही सांगावे. या शेवटच्या कामासाठी माझी विनामोबदला तयारी आहे, प्रवासखर्चही नको.

या पत्राचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, कारण ज्या पालकांची मुले या शाळांत आहेत त्यांना परिपत्रकाची प्रत कोणी दिलेली नाही.

दरम्यान, दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी शाळेशेजारच्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसते. पहिल्या गुरुवारी चार मुले आली होती, गेल्या गुरुवारी सतरा, त्यांत दोन पाचवीची. सध्या भोपळा चालू आहे. तपासणीसाठी आपण कोणत्याही गुरुवारी, न कळवता यावे. बसायला पोते आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका